भूपालचा राहिलेला आठवडा

भूपाल,

तुझी काळी, ती जुनी मोटरसायकल, अजून माझ्या दारात उभी आहे आणि माझी गाडी तुझ्या शेडमध्ये. तू मधल्या वारी निघून गेलास म्हणून हा सगळा घोळ झाला. रविवारी दुपारनंतर गेला असतास तर निदान ज्याची गाडी त्याच्या दारात असती. हे मी बोललो म्हणून आमच्या घरात मला शिव्या बसल्या. तू असतास तर टेबलावर थाप मारून हसला असतास. माझ्यावर चिडायला आणि माझ्यावर हसायला मला तूच लागायचास. आता दोन्ही कामं घरच्यांवर आली आहेत आणि त्यांना त्यातलं पहिलंच जमतं.

आपलं हे खूळ लोकांना सांगितलं की त्यांना पटत नाही. तू सांगलीत हळदीचा व्यापारी, मी फौजेत गाड्या चालवून साताऱ्यात येऊन बसलेला. कराड दोघांच्या मध्ये. रविवारी सकाळी तू तिकडनं यायचास, मी इकडनं, आणि हायवेच्या अंगाला त्या लिंबाखालच्या हॉटेलात बसायचो. चहा व्हायचा, दोन किल्ल्या टेबलावर यायच्या, आणि जाताना तू माझं वाहन न्यायचास, मी तुझं. पुढच्या रविवारी ज्याचं त्याला परत. नियम तुझेच. आपल्या गावात, आपल्या कामाला, आठवडाभर चालवल्याशिवाय कुठल्याही वाहनाबद्दल मत द्यायचं नाही. आणि ते मत फोनवर द्यायचं नाही, त्या टेबलावरच द्यायचं. त्यामुळं तू गेलास ते माझ्या गाडीबद्दलचं मत पोटात घेऊन गेलास, आणि मला गड्या तेच सहन होईना. बाकीचं रडणं पुढं होतंच, पण त्या मतासाठी माझा जीव अडकला होता.

सुरुवात आठवते का? मी तुला ओळखतही नव्हतो. माझी मोटरसायकल हॉटेलसमोर लावली होती आणि एक उंच, गोरा माणूस खाली वाकून तिच्या चेनला बोट लावत होता. मी म्हणालो, काय पाहिजे. तू वर न बघता म्हणालास, "चेन ढिली हाय. अशीच सातारला नेनार?" माझं डोकं फिरलं. तुमची कुठली, म्हणालो. तू काळीकडं हात केलास. मी म्हणालो, म्हाताऱ्या गाडीवाल्यानं दुसऱ्याला शिकवू नये. त्यावर भांडण व्हायचं सोडून तू म्हणालास की एका फेरीत कुणालाच काही कळत नाही, आठवडाभर ने, आणि किल्ली माझ्या हातात ठेवलीस. मीपण तसलाच. माझी दिली. अनोळखी माणसाला वाहन देऊन त्याचं चाळीस वर्षांचं धूड घेऊन घरी आलेला नवरा बघून बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. तुझं आडनाव मी विचारलं नव्हतं, हे मला उंब्रजला आल्यावर कळलं.

काळीचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. हे तू मुद्दाम सांगितलं नाहीस, हा माझा आरोप आजही कायम आहे. पोवई नाक्यावर गिअर टाकायला गेलो आणि डावा पाय दाबला. भर चौकात गाडी खांबासारखी उभी. मागच्या रिक्षावाल्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या. पुढच्या रविवारी हे मी रागानं सांगायला लागलो तर तू डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसलास आणि म्हणालास, "आता पाय शिकला. आता गाडी शिक."

तुझी मतं म्हणजे काय सांगावं. चुलत्याच्या जावयाच्या गाडीपासून कलेक्टरच्या गाडीपर्यंत तू कुणाला सोडलं नाहीस. नवीन गाड्यांच्या छताला खिडकी असते, तिचा तुला कोण राग! मार्च महिन्यात सांगलीत माणूस डोक्यावर सावली हुडकतो आणि ही माणसं पैसे देऊन छताला भोक पाडून घेतात, असं तुझं म्हणणं. मी म्हणायचो, माझ्या नातीला आवडतं. तू म्हणायचास, मग बैलगाडी घे, सगळंच उघडं. पुढ्यातला तो टीव्हीएवढा पडदा तर तुझा कायमचा वैरी. एसी कमी करायचा तर आधी चष्मा हुडकायचा, ही कुठली सुधारणा, बटण हाताला कळतं, पडदा हाताला कळत नाही. इथं मी तुझ्याशी तासभर भांडलो होतो. आता सांगतो, तुझं बरोबर होतं. मला ते त्या दिवशीच पटलं होतं, पण टेबलावर कबूल केलं असतं तर महिनाभर तू मला जगू दिलं नसतंस.

आपल्या कराडच्या हॉटेलवाल्याच्या मेव्हण्यानं ती उंच गाडी घेतली होती, रस्त्यावरची पांढरी ओळ सोडली की आपणहून स्टिअरिंगला हिसका देणारी. तू हट्टानं ती एक आठवडा मागून घेतलीस आणि फलटणकडं हळदीच्या कामाला गेलास. कारखाने सुरू. समोरनं उसाच्या दोन ट्रॉल्या, मधे कुत्रं, डाव्या अंगाला रस्त्यावरच वाळत घातलेली ज्वारी. तू ज्वारी चुकवायला उजवीकडं घेतोस आणि गाडी तुला डावीकडं ओढते. शेवटी गाडी जिंकली आणि शेतकऱ्याच्या ज्वारीवरनं चाक गेलं. तू उतरून त्या माणसाची माफी मागितलीस आणि त्याला म्हणालास की मी न्हाई, हिनं केलं. तो म्हणाला, हिनं म्हणजे कुणी, तुमच्या बायकोनं? हे सांगताना तुझा राग आणि तुझं हसू एकदम येत होतं आणि चहा नाकात गेला होता.

आणि नव्या गाड्यांच्या दिव्यांचा तो पांढरा उजेड. समोरच्याला आंधळं करून आपण बघायचं ही कसली रीत, म्हणून तू तावातावानं बोलायचास. मी म्हणायचो, गड्या, तू सूर्य बुडायच्या आत जेवून घरात बसणारा माणूस, तुला कुठला रात्रीचा उजेड? तू म्हणायचास, मत द्यायला अंधारात कशाला जायला पाहिजे. इथं तू तुझाच नियम मोडायचास. मी ते दर वेळी दाखवून द्यायचो आणि दर वेळी तू पोह्याचं ताट पुढं ओढून विषय बदलायचास. चातुर्मासात तर तुझ्यासाठी कांदा नसलेले पोहे वेगळे व्हायचे, आणि तेच चांगले लागतात म्हणून मी अर्धे पळवायचो.

पण नवीन मोटरसायकलींवर तू बोलायला लागलास की मी गप्प बसायचो. टाकी फुगलेली, बूड वर उचललेलं, आणि मागची सीट कावळ्यानं बसायची. तुझं एकच माप होतं. वहिनी लुगड्यात, एका बाजूला पाय सोडून, सुखानं बसतील का? सांगलीतल्या एका शोरूममध्ये तू वहिनींना घेऊन गेलास आणि एकेका गाडीवर बसायला लावलंस. तिथल्या पोराला वाटलं वहिनींनाच गाडी पाहिजे. ज्या गाडीवरून त्या घसरल्या त्या गाडीला तू तिथल्या तिथं नापास केलंस. मी एकदा चिडवायला म्हणालो, वहिनींना मागं कुठं बसवू हेच आयुष्यभर मोजत बसलास, त्यापेक्षा चालवायला का शिकवत नाहीस? तू कप बाजूला सारलास. मग सांगितलंस. लग्नानंतर तू वहिनींना जीप शिकवायला हरिपूरच्या रस्त्यावर नेलं होतंस. क्लच सोडताना गाडी उड्या मारायला लागली, तू ओरडलास, एकदा नाही, सारखा ओरडलास. वहिनी गाडी बंद करून खाली उतरल्या आणि भर उन्हात चालत घरी गेल्या. पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही, असं घरी सांगितलं आणि तो विषय तुमच्या घरात बंद झाला. हे सांगून तू म्हणालास, "माझंच चुकलं रं. पन आता तिला कोन सांगनार."

मग मी बॅटरीची गाडी घेतली. आमच्याकडं सगळे पेढे खायला आले, तू आला नाहीस. रविवारी टेबलावर बसता बसता म्हणालास की ही गाडी न्हवं, मोबाईल हाय, चाकं लावल्यात. आवाज नाही, तेलाचा वास नाही, उतरल्यावर हाताला काही लागत नाही, तर चालवली हे कळायचं कसं? मी किल्ली पुढं सरकवली. म्हणालो, नियम तुझाच हाय. आठवडाभर चालव आणि मग बोल.

तो आपला शेवटचा रविवार. तू आत बसलास, गाडी सरकली, आणि तुझा डावा पाय सवयीनं क्लच हुडकत गेला आणि सापडला तो ब्रेक. अख्खी गाडी जागच्या जागी थांबली, तुझा गॉगल पुढच्या काचेवर. हॉटेलातली माणसं उठून बघायला लागली. पोवई नाक्यावरच्या माझ्या त्या दिवसाची अशी सव्याज परतफेड झाली म्हणून मी तर नाचायचाच राहिलो. पण तू चिडला नाहीस. खाली पायांकडं बघत बसलास.

"हिला क्लच न्हाई?" तू विचारलंस.

"न्हाई."

"गिअर न्हाई, क्लच न्हाई. फकस्त दाबायचं आनि जायचं?"

मी हो म्हणालो. तू डावा पाय रिकाम्या जागेत दोन-तीनदा दाबून बघितलास. मला वाटलं, अपमान झाला म्हणून वर बघत नाहीस. मग एकदम म्हणालास, चल, येतो, आणि हळूच, आवाज न करता निघून गेलास. आवाज न करता तू कुठून निघून गेलास असं ते पहिलंच.

बुधवारी मी काळी घेऊन मेढ्याकडं गेलो होतो. घाट चढून वर आलो, थांबलो, आणि तुझा फोन. हळदीचा भाव, तुझा गुडघा, माझा गुडघा, सगळं झालं. मला राहवेना. म्हणालो, कशी वाटती? कोन, म्हणालास. गाडी रं, म्हणालो. "रविवारी," तू म्हणालास. मागनं वहिनींच्या हसण्याचा आवाज येत होता. मी विचारलं, वहिनी का हसत्यात? तू म्हणालास, "रविवारी म्हनलं न्हवं? टेबलावर बसून ऐक. लय हाय सांगायसारखं." फोन ठेवला. मी काळीला किक मारली तर पहिल्याच किकला सुरू झाली. एवढ्यावरच मी खूष होऊन खाली उतरलो.

शुक्रवारी सकाळी तुझ्या पोराचा, अमोलचा फोन आला. उठून अंघोळ केलीस, मंदिरात जाऊन आलास, दारात चप्पल काढताना बसलास आणि पुन्हा उठला नाहीस.

त्या दिवशी मी एसटीनं आलो. काळीवर बसायची माझी छाती झाली नाही आणि घरचे बसू देईनात. तुला नेलं, परत आलो, तुझ्या सोप्यात माणसं बसलेली, मी शेडच्या दारापर्यंत गेलो. माझी गाडी तोंड बाहेर करून उभी होती. तिथंच उभा राहून मी रडलो. फौजेत एवढी वर्षं काढून मला रडायची लाज वाटायची, ती त्या दिवशी गेली. गाडीला हात लावला नाही, तसाच परतलो.

त्यानंतरचे रविवार मी घरातच काढले. कराडची वाट नको वाटायची. सकाळी आवरून बसायचो, काळीवर फडकं मारायचो, पुन्हा आत. मग तुझे दिवस झाल्यावर अमोलचा पुन्हा फोन आला. चांगला पोरगा आहे तुझा, पण पुण्यात राहून बोलणं ऑफिसातल्यासारखं झालंय. म्हणाला, काका, तुम्ही ती बाईक घेऊन या आणि तुमची कार घेऊन जा, म्हणजे सगळं क्लिअर होईल. आणि कोल्हापूरच्या एका हौशी माणसानं फोटोवरनंच काळी पसंत केली आहे, तो रविवारी येतोय. मी कोण बोलणारा? कागद तुझ्या नावावर, तुझं सगळं त्याचं. पण काळी कुणाच्या तरी बंगल्यात काचेआड उभी राहणार आणि माझी गाडी तुझ्या मताशिवाय माझ्या दारात येणार, हे मला पटणारं नव्हतं. मनात ठरवलं की जातो तर खरं, पण किल्ली माझ्या खिशातनं सहज निघणार नाही. माणदेशातली माणसं आम्ही. आमचा आजा मेंढरं घेऊन पायी कोकणात उतरायचा, त्याला वाटेत कुणी अडवून बघावं.

शनिवारी सकाळी काळीवर निघालो. कराडात थांबलो नाही. पेठ नाक्यावरनं आत वळलो, इस्लामपूर, आष्टा, आणि तुझ्या दारात. वहिनी आत होत्या. अमोल म्हणाला, बसा, चहा घ्या, मी म्हणालो आधी गाडी बघतो. शेडमध्ये गेलो, दार उघडलं, आत बसायला गेलो तर माझा गुडघा स्टिअरिंगला आपटला. सीट पार पुढं ओढलेली. वर एक गादी, तुमच्या देव्हाऱ्यासमोर असते तसली चौकोनी. आरसा खाली वळवलेला. तू माझ्याहून वीतभर उंच. मला काही उमजेना. आधी वाटलं अमोलच्या बायकोनं चालवली असेल. चिडून सीट मागं सरकवायला खाली हात घातला.

"सीट मागं नका सरकवू, भावजी."

वहिनी दारात उभ्या होत्या. मी तसाच थांबलो. त्यांनी सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांचा आवाज शांत होता, मधेच कापायचा, पुन्हा शांत व्हायचा. तू रविवारी कराडहून आलास ते हात-पाय न धुता त्यांच्यासमोर उभा राहिलास आणि म्हणालास की हिला क्लच न्हाई. वहिनी म्हणाल्या, मग? तू म्हणालास की ज्याच्यावरनं मी तुझ्यावर ओरडलो ती वस्तूच हिच्यात न्हाई, आता तरी बस. त्या नाही म्हणाल्या. सोमवारी सकाळी तू पुन्हा विचारलंस. लर्निंग लायसन्सचं सगळं मोबाईलवर करून घेतलंस आणि हरिपूरच्या त्याच रस्त्यावर, हळद साठवायच्या पेवांच्या पलीकडं, गाडी उभी केलीस. वहिनी सांगत होत्या, तुमच्या मित्रानं चार दिवसांत एकदापण आवाज चढवला न्हाई, एकदाच "थांब" म्हणाले, ते पण म्हैस आडवी आली म्हणून. तुझा पाय सारखा क्लच हुडकायचा आणि वहिनींच्या पायाला काही हुडकायचंच नव्हतं. चौथ्या दिवशी त्या तुला घेऊन हरिपूरहून घरी आल्या. तू शेजारी बसला होतास, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

मी गाडीच्या मागं गेलो. माझ्या नव्या गाडीच्या मागच्या काचेवर लाल चिकटपट्टीचा वाकडा-तिकडा एल. तुझ्या हाताचा. एवढी वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ओरखडा दिसला तरी तू पंधरा मिनिटं भाषण द्यायचास, आणि माझ्या काचेवर तू पट्टी चिकटवलीस. मला हसायला आलं आणि तसाच हुंदका आला, दोन्ही एका वेळी.

मग मी विचारलं. विचारायचंच होतं, त्यासाठीच आलो होतो. म्हणालो, वहिनी, गाडीबद्दल तो काय म्हणाला?

"ते कराडात," वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. त्यांनी पदर सारखा केला आणि पुन्हा म्हणाल्या, "त्यांचं ठरलं होतं, टेबलावर सांगायचं. उद्या रविवार हाय. मी गाडी घेऊन येते. तिथं सांगीन."

अमोल मागनं म्हणाला, आई, हायवे आहे, तुला जमणार नाही, आणि उद्या तो कोल्हापूरचा माणूस काळी बघायला येतोय. वहिनी त्याच्याकडं वळल्या. मला वाटलं आज आवाज चढणार; एरवी तुमच्या घरात वहिनी पोरावर कधी आवाज चढवत नाहीत हे मला माहीत आहे. चढवला नाही. म्हणाल्या, "तुझ्याकडं लायसन्स हाय न्हवं? मग शेजारी बस. आनि काळीची किल्ली भावजींकडं राहू दे, त्यांना घरी जायचंय." चहा पिऊन मी काळीवरच परत निघालो.

रविवारी मी वेळेच्या फार आधी कराडला पोचलो. हॉटेलवाल्यानं मला एकटं बघून समोर पाणी ठेवलं. मी हायवेकडं बघत बसलो. ट्रक जायचे, आरामगाड्या जायच्या, आणि प्रत्येक पांढऱ्या गाडीला मी उठून उभा राहायचो. मनात नाही नाही ते यायला लागलं. उसाच्या ट्रॉल्या, पेठ नाक्याची गर्दी, कुठं तरी कुणी तरी आडवं आलं तर. हे सगळं माझ्या एका मतासाठी चाललंय, असं वाटून मी स्वतःलाच शिव्या घातल्या. शेवटी ती आली. डाव्या बाजूनं, हळू, मागच्या काचेवर लाल एल. लिंबाखाली उभी राहिली. आधी अमोल उतरला, पांढराफटक. मग वहिनी. त्यांचं तोंड, भूपाल, तुला कसं सांगू, लग्नातल्या फोटोत पण मी त्यांना असं बघितलेलं नाही.

त्या येऊन तुझ्या खुर्चीवर बसल्या. चहा आला. त्यांनी माझ्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवली, बरोबर मधे, तू ठेवायचास तशी.

"गुरुवारी हरिपूरहून येताना त्यांनी मला बोलून दाखवलं," त्या म्हणाल्या. "सदाला असं सांगनार म्हनले. आधी म्हननार, गाडीत काय दम न्हाई. घरात फ्रिज चालू असल्यागत वाटतं."

माझं तोंड पडलं. पडणारच. त्यांनी मुद्दाम कप उचलला, एक घोट घेतला, कप खाली ठेवला. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून, तुझ्या आवाजात म्हणाल्या, "आनि मग म्हननार, हिच्यासाठी असलीच एक बघ."

अमोलनं मान फिरवली. हॉटेलवाला पोहे घेऊन आला होता तो ताटं हातात धरून उभाच राहिला. मी रडलो, मला लाज वाटली नाही. वहिनी रडल्या नाहीत, त्यांना परत गाडी चालवायची होती.

मी किल्ली उचलली आणि टेबलावरनं त्यांच्याकडं सरकवली. म्हणालो, नियम आठवड्याचा हाय वहिनी, आणि त्याचा आठवडा शुक्रवारीच तुटला. राहिलेले दिवस तुमचे. पुढच्या रविवारी मत द्या, तुमचं. त्यांनी किल्ली मुठीत घेतली. अमोलनं हळूच विचारलं, मग काळीचं काय सांगू त्या माणसाला? वहिनी म्हणाल्या, "ती रविवारी कराडला असती म्हनून सांग."

त्या गेल्या. मी हायवेच्या कडेला उभा राहून लाल एल दिसेनासा होईपर्यंत बघत राहिलो. मग काळीला किक मारली. तिसऱ्या किकला सुरू झाली, थोडा भाव खाल्ल्याशिवाय सुरू व्हायचं नाही, तेवढं तू तिला शिकवलेलं आहेस.

आता तुझ्या मताबद्दल. तुझं पहिलं म्हणणं मला मान्य नाही, भूपाल. गाडीत दम आहे. ज्या बाईनं तुमच्या घरात तो विषय बंद करून टाकला होता, तिला ती सांगलीहून कराडला घेऊन आली, आणखी दम कशाला म्हणतात? यावर मी तुझ्याशी भांडत राहणार, तू उत्तर दे नाही तर देऊ नको. दुसरं मान्य. बघतोय.

तुझा,
सदा